मांडीखाली दाबलेले हात

बिरू, तुला जाऊन तिसरा दिवस होता. मी मोटारस्टँडवर गेलो. काम काही नव्हतं, तू नसताना गाडी कशी दिसते ते बघायला गेलो होतो. चहाच्या हॉटेलापुढं बार्शीचे चार उतारू बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "घसऱ्या गेला म्हनं."

"कुटला घसऱ्या?"

"आरं, गुरुबसप्पाच्या सर्व्हिस मोटारीवरचा डायव्हर. बिरू धनगर. वैरागच्या वळणावर गाडी उलथी केली हुती न्हाय का, त्यो."

माझं टाळकं फिरलं. तुला ठाऊक आहे माझं, राग नाकाच्या शेंड्यावर. मी तिथंच त्याला बजावलं की बिरूला घसऱ्या म्हणशील तर माझ्या गाडीत पाय ठेवू नकोस. तो बिचारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, रागावता कशाला? समदं सोलापूर म्हनतंय की. अन् गाडी घसरली हुतीच. तुमी तर शेजारीच बसला हुता."

मी शेजारीच बसलो होतो, खरं आहे. आणि त्यावर मी काय बोललो? काही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून घरी आलो. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तरी जेवलो नाही. म्हणून आज, तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, हे लिहायला बसलोय. तुला जे ठाऊकच आहे ते तुलाच सांगतोय, पण एकदा शाईनं लिहून ठेवायचं आहे. त्या दिवशी गाडी तू उलथी केली नाहीस. मी केली.

हस्ताचा पाऊस होता. पाऊस तरी कसला, नुसती भुरभुर. बैलगाड्यांच्या चाकांनी शेतातली काळी माती सडकेवर आणून टाकलेली, आणि त्यावर ही भुरभुर. तू निघतानाच म्हणाला होतास, "आप्पा, मोठ्या पावसाला म्या भीत न्हाय. जाड चिखल चाकाला धरून ऱ्हातो. ह्यो पातळ चिखल लई वंगाळ." मी म्हणालो, "बोलू नकोस, चालव. बाजार उठेल." ही माझी भाषा.

वैरागच्या अलीकडच्या वळणावर गाडीचा मागचा भाग उजवीकडं सरकला. उजवीकडं नाला होता, तोंडापर्यंत भरलेला. आणि तू काय केलंस, तर ब्रेकवरचा पाय काढलास आणि चाक त्या नाल्याच्याच दिशेनं वळवलंस. मला वाटलं, ह्याचं डोकं ठिकाणावर नाही, हा आम्हा सगळ्यांना नाल्यात घालतोय.

माझा जन्म बैलगाडीवर गेलेला. वडिलांच्या अडतीच्या गाड्या मी मिसरूड फुटायच्या आधीपासून हाकल्या. गाडी उजवीकडं ओढली जाऊ लागली की डाव्या बैलाचा कासरा छातीशी ओढायचा आणि हो हो म्हणायचं, एवढंच माझ्या हातांना येत होतं. मी दोन्ही हातांनी तुझं चाक धरलं आणि कासऱ्यासारखं माझ्याकडं ओढलं. तोंडानं हो हो म्हणालो. मोटारीला हो म्हणणारा अख्ख्या सोलापुरात मीच एकटा असेन.

गाडी गर्रकन फिरली, डावीकडच्या चरात गेली आणि बाभळीला टेकून आडवी झाली. माझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. मागच्या बाकावर वैरागच्या शाळेतले मास्तर होते, त्यांचे समोरचे दोन दात पडले. बाकीच्यांना खरचटलं. तू बाहेर पडलास आणि एकेकाला हात देऊन काढलंस, मला सगळ्यांत शेवटी, कारण मी सगळ्यांत खाली होतो. माझा खांदा तू तुझ्या घोंगडीनं बांधलास. तीच घोंगडी, तुझ्या वडिलांची, जी चाक रुतलं की तू चाकाखाली घालायचास आणि मी म्हणायचो, अरे बापाची वस्तू आहे.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "घसरली." एवढाच शब्द. खोटा नव्हता, म्हणून तर जास्त वाईट. मग सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आणि म्हणालास, "व्हय. माझ्या हातनं घसरली."

मास्तर तोंडावर धोतराचा सोगा धरून बसले होते. त्यांनी मागून आपल्या दोघांच्या पाठी तेवढ्या बघितल्या होत्या. घसऱ्या हे नाव त्यांनीच ठेवलं. शिक्षकानं ठेवलेलं नाव, ते टिकणारच.

मी का बोललो नाही? त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की मालकच चाकाला हात घालतो असं कळलं तर गाडीत कोण बसेल. हे आपलं सांगायला. खरं कारण असं की स्टँडवर मला लोक वाकून रामराम करायचे आणि मला ते आवडायचं. मोटारीचा मालक म्हणून मी छाती काढून फिरत होतो, आणि मोटार म्हणजे काय ते मला बैलाएवढंही कळत नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण मी दुसऱ्यांच्या तोंडावर मारत आलो, बिरू.

त्यानंतर महिनाभर आपल्या गाडीला उतारू मिळेना. लोक दुसऱ्यांच्या गाडीच्या टपावर बसून जायचे पण आपल्या गाडीत बसायचे नाहीत. मी म्हणालो, गाडी बंद ठेवू. तू ऐकलं नाहीस. रोज ठरल्या वेळी रिकामी गाडी घेऊन निघायचास, वैरागला ठरलेली पाच मिनिटं थांबायचास, बार्शीला जाऊन रिकामाच परत यायचास. स्टँडवर हसं झालं. मेहबूब मिस्त्री मला म्हणाला, "सेठ, तुम्हारा बिरू हवा को बार्शी दिखाके लाता."

मी तुझ्यावर तडकलो. पेट्रोल का जाळतोस, कुणाला दाखवतोस? तू चाकाचा चिखल काडीनं काढत होतास. वर न बघता म्हणालास, "आप्पा, मानूस भ्यालंय. त्येला वढून आनता येत न्हाय. पर त्येची भीती मोडंल त्या दिशी गाडी हितं उभी दिसाय पायजे."

सव्विसाव्या दिवशी वैरागला एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढली. तिला दुसऱ्या गाडीनं कोंबड्यांसकट घेतलं नव्हतं. तू तिला पुढच्या बाकावर, माझ्या जागेवर बसवून आणलंस. दुसऱ्या दिवशी तिघे आले. पोळ्यानंतर बैल बाजारात जावेत तसे मग हळूहळू सगळे परत आले. मी त्या वेळी एक शब्द बोललो नाही, पण आज बोलतो. मला त्या रिकाम्या गाडीचा जितका अभिमान वाटतो तितका भरलेल्या गाडीचा कधी वाटला नाही.

उतारू परतले तरी मी परतलो नव्हतो. माझा खांदा दोन महिन्यांत सांधला, पण गाडीत पाय ठेवायला मी तयार नव्हतो. दुधानं तोंड पोळलं होतं, मी ताकही पीत नव्हतो. बार्शीला जायचं झालं की मी आगगाडीनं कुर्डुवाडीला जायचो आणि तिथून छोट्या गाडीनं बार्शी. माझी स्वतःची मोटार सरळ रस्त्यानं जातेय आणि मालक कुर्डुवाडीचा वळसा घालतोय. बायको एक दिवस कानडीत म्हणाली, "साकु माड्री." पुरे करा आता. मी तिच्यावरही तडकलो.

मग पुढच्या पावसाळ्यात तू एका सकाळी घरी आलास. म्हणालास, "आप्पा, चला. माळावर जाऊ." मला वाटलं कुणाची मेंढरं बघायची आहेत. तू मला गावाबाहेरच्या उघड्या माळावर नेलंस, पायी. गाडी तिथं आधीच नेऊन ठेवली होतीस. खाली मुरूम, वर काळ्या चिखलाची पातळ साय, आभाळातून भुरभुर. ना नाला, ना चर, ना बाभूळ.

"बसा. तिकडं न्हाय, हिकडं. चाकापुढं."

"मी? मला येतं का?"

"येत न्हाय म्हनूनच."

मी चाकापुढं बसलो. पहिला गिअर, दुसरा गिअर, माळावर सरळ. मग तू म्हणालास, आता जोरात बिरेक दाबा. मी म्हणालो, घसरेल. तू म्हणालास, "घसराय पायजे. त्याच्यासाटीच आलोय."

घसरली. मागचा भाग उजवीकडं गेला आणि माझे हात आपोआप डावीकडं ओढले. गाडी दोन गिरक्या घेऊन उभी राहिली. माझ्या तोंडून हो हो निघालंच. तू हसला नाहीस. उतरलास, भोवती फिरून आलास आणि मला जे सांगितलंस ते तुझ्याच शब्दांत लिहितो:

"आप्पा, तुमी गाडीवान. गाडीवान वढतो. म्या धनगर. कळप बुजला, पळाय लागला, तर धनगर त्येच्या म्होरं उभा ऱ्हात न्हाय. म्होरं उभं ऱ्हायलं तर मेंढरं फुटत्यात. कळप जिकडं पळतोय तिकडंच आपन बी पळायचं, त्येच्या अंगाअंगानं. दमानं. मंग वळवायचा. गाडीचं मागचं अंग जिकडं जातंय तिकडं चाक द्या. बिरेक सोडा. तिला वाटू द्या की तुमी तिच्या संगं हाय."

त्या सकाळी मी किती वेळा घसरलो ते मोजलं नाही. दुपार झाली. माझं धोतर, कोट, टोपी, सगळं काळं. शेवटच्या खेपेला मागचं अंग सरकलं, मी पाय काढला, चाक तिकडंच दिलं, आणि गाडी जराशी डोलून सरळ झाली. इतकी साधी सरळ झाली की मला रडू आलं. तू पान तोंडात टाकत म्हणालास, "आता भूक लागली."

त्यानंतर दोनेक वर्षांनी बार्शीला तुला थंडीताप भरला. परतीला तुला चाकापुढं बसवेना. गाडीत सात उतारू, आभाळ भरलेलं. तू म्हणालास, आप्पा आनतील. उतारू एकमेकांकडं बघू लागले. मीही तुझ्याकडं बघू लागलो. तू पुढं डाव्या जागेवर, माझ्या जुन्या जागेवर, घोंगडी गुंडाळून बसलास.

वैरागच्या पलीकडं तेच वळण. तीच भुरभुर. येताना नाला डावीकडं पडतो. मागचं अंग सरकलं, नाल्याकडं. बिरू, त्या क्षणी मी काय केलं ते मला आठवतच नाही. पाय कधी काढला, चाक कधी दिलं, काही नाही. मला आठवतं ते एवढंच, की गाडी सरळ झाल्यावर मी डावीकडं बघितलं, आणि तू दोन्ही हात मांड्यांखाली घालून, घट्ट दाबून बसला होतास. तापानं फणफणलेला माणूस, समोर नाला, चाकापुढं माझ्यासारखा आडमुठा. आणि तुझे हात मांडीखाली. माझ्या ड्रायव्हरला जे जमलं ते मला गाडी उलथली त्या दिवशी जमलं नव्हतं.

मागचे उतारू विड्या ओढत होते. त्यांना गाडी हलल्याचंही कळलं नाही. तू डोळे मिटून म्हणालास, "झकास." तुझ्या तोंडून तेवढाच शब्द मिळाला मला. तो मी आजवर जपून ठेवलाय.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. स्टँडवर पोरसोर तुला घसऱ्या म्हणून हाक मारायची आणि तू ओ द्यायचास. मला ते सहन व्हायचं नाही, कारण खाई त्याला खवखवे. मी म्हणायचो, एकाला तरी खडसाव. तू म्हणायचास, "घसरल्याबिगर कोन शिकलंय? नाव वाईट न्हाय." मी म्हणायचो, नाव वाईटच आहे. तू म्हणायचास, मंग तुमी बदला. मला वाटायचं, थट्टा करतोस.

एकदाच मी विषय काढला. आपण दोघंच होतो, गाडी धूत होतास. मी म्हणालो, "बिरू, त्या दिवशी मी चाकाला हात घातला नसता तर..." तू बादली खाली ठेवलीस आणि म्हणालास, "मला सांगून काय उपेग, आप्पा? म्या तितंच हुतो." मी हसलो. तूही हसलास. मला वाटलं, संपलं. माफ केलंस, विषय मिटला. केवढा मूर्ख मी. तू दार उघडून दाखवत होतास, आणि मी ते दार लागलं असं समजून घरी येऊन निवांत झोपलो.

तुझ्या आजारपणात आठ दिवस मी रोज येऊन बसलो. रोज ठरवायचो, आज बोलायचं. रोज डॉक्टर, औषध, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, असलं काहीतरी बोलून उठायचो. सातव्या दिवशी तू विचारलंस, "गाडी येळेवर सुटती न्हवं?" मी म्हणालो, सुटते. आपलं शेवटचं बोलणं ते. आठ दिवसांत खरं बोललो ते तेवढं पाट्याबद्दल.

काल तुझा दहावा झाला. तळ्याच्या काठी तुझे भाऊबंद, स्टँडवरची माणसं, मेहबूब मिस्त्री, सगळे होते. वैरागचे मास्तर आले होते, टोपी हातात घेऊन. समोरच्या दोन दातांची फट तशीच आहे. विधी झाला, लोक धोतर झटकून उठायला लागले. मी म्हणालो, "थांबा."

माझा आवाज तुला माहीत आहे, बाजारात दहा गाळे ओलांडून जातो. काल तो दोन हातांवरही गेला नसेल. पण मी सांगितलं. वैरागचं वळण, नाला, तू वळवलेलं चाक, माझे दोन हात, हो हो, सगळं. मध्ये काही गाळलं नाही. कुणी हसलं नाही, हो होला सुद्धा. मास्तर म्हणाले, "आप्पा, म्हणजे नऊ वर्षं मी ज्या माणसाला नावं ठेवली, त्यानं आम्हाला वाचवलंच होतं म्हणा की जवळजवळ."

मी म्हणालो, "जवळजवळ कसलं. वाचवलं होतं. मी बुडवलं."

मास्तर पुढं गेले, तुझ्यासाठी मांडलेल्या पानापुढं वाकले आणि पुन्हा माझ्याकडं न बघता निघून गेले. ते रागावले असतील तर बरोबर रागावले.

मग मी जनाबाईपुढं गेलो. तुझ्या बायकोपुढं उभं राहायला मला मास्तरांपेक्षा जास्त जड गेलं. म्हणालो, "वहिनी, मी तुमच्या धन्याचं नाव नऊ वर्षं चिखलात ठेवलं." तिनं पदर सारखा केला. रडून रडून आवाज बसला होता तिचा.

"आप्पा, मला ठावं हाय. त्याच दिशी कळलं. धन्याच्या डाव्या मनगटावर पाच नखं उटली हुती. म्याच हळद लावली. म्या म्हनलं, आत्ता जाते स्टँडवर आन् समद्यांम्होरं इचारते आप्पास्नी. तर धनी म्हनले, बस गप. आप्पा घसराय लागल्यात. मदी कुनी हात घातला तर उलथतील. त्येंचं त्येंनी वळवू दे."

मी तिथं खाली बसलो, बिरू. तळ्याच्या पायरीवर, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा. मला वाटत होतं की तू मला मोटार सांभाळायला शिकवलंस, एका माळावर, एका सकाळी. नऊ वर्षं तू माझ्या शेजारी हात मांडीखाली दाबून बसला होतास, आणि मला पत्ता नव्हता.

उशीर झाला रे. पण मी पाय काढला, आणि चाक वळवलं. ओढलं नाही.